सिग्नलची पेटी चौकात लावायच्या आधी तपासा: महापालिकांच्या विद्युत विभागांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या महापालिकांचे विद्युत विभाग आणि वाहतूक नियोजन कक्ष, तसंच त्यांच्यासाठी सिग्नलची टेंडरं लिहून देणारे कन्सल्टंट

साहेब, मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमच्या शहरातल्या नव्या सिग्नल यंत्रणेच्या टेंडरला नुकतंच एक शुद्धिपत्रक निघालं. मूळ टेंडरमध्ये अट होती की चौकात बसणारे कंट्रोलर, रस्त्यावरचे मेसेज बोर्ड आणि गाड्या मोजणारे डिटेक्टर ठरलेल्या कम्युनिकेशन स्टँडर्डप्रमाणे चालतात का याचा त्रयस्थ संस्थेचा चाचणी अहवाल घ्यायचा आणि तो पास झाल्यावरच माल ताब्यात घ्यायचा. शुद्धिपत्रकाने ती अट काढली आणि तिच्या जागी "उत्पादकाचे स्वयंघोषणापत्र" एवढंच टाकलं. कारण काय, तर टेंडर भरायच्या आधीच्या प्री-बिड मिटिंगमध्ये काही बिडर, म्हणजे टेंडर भरणाऱ्या कंपन्या, म्हणाले की टेस्टिंगमुळे उशीर होईल. तेवढ्यावर अट गेली.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हे एका शहरापुरतं असतं तर त्याच ऑफिसात अर्ज देऊन गप्प बसलो असतो, पण टेंडरं एकावरून एक कॉपी होतात, एका ठिकाणी गळालेली अट दुसरीकडे आपोआप गळते, आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत राज्यात बरीच खरेदी होणार आहे, नाशिकला २०२७ चा कुंभमेळा आहे, मोठ्या शहरांत मेट्रोखालचे चौक नव्याने बांधले जातायत. म्हणून सगळ्यांना एकत्र लिहितोय.

मी सिग्नलच्या देखभालीच्या कामात आहे, रात्री वाहतूक कमी झाल्यावर चौकात कॅबिनेट उघडून लॅपटॉप लावून बसणाऱ्यांपैकी एक. टेंडर भरणाऱ्या कुठल्याही कंपनीशी माझं देणंघेणं नाही. पण यात माझा स्वार्थ आहे हे उघड सांगतो, माझी मुलगी रोज सकाळी ज्या चौकातून रस्ता ओलांडून शाळेत जाते तिथला कंट्रोलर याच टेंडरमध्ये बदलला जाणार आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडं सोपं करून सांगतो. सिग्नलच्या खांबाजवळ जी पेटी असते तिच्यात कंट्रोलर असतो, लाल-हिरवा कधी करायचा ते तो ठरवतो. आता बहुतेक ठिकाणी तो कंट्रोल रूमच्या सर्व्हरला सिम कार्डने नाहीतर फायबरने जोडलेला असतो. सर्व्हर त्याला विचारतो तुझी वेळ काय, कुठला प्लॅन (कुठल्या दिव्याला किती सेकंद याचं वेळापत्रक) चालू आहे, कुठला दिवा गेलाय, आणि अधूनमधून सांगतो की आता हा प्लॅन सोड, तो घे. हे बोलणं कुठल्या भाषेत होणार, कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर, किती मर्यादेत, चुकीचा हुकूम आला तर काय करायचं, हे सगळं लिहून ठेवलेलं असतं त्याला कम्युनिकेशन स्टँडर्ड म्हणायचं. अमेरिकेत १९९० च्या दशकात यावर काम सुरू झालं कारण तिथेही प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर फक्त आपल्याच सॉफ्टवेअरशी बोलायचा आणि एकदा एका कंपनीचा माल घेतला की शहर कायमचं तिच्याशी बांधलं जायचं. त्यातून एनटीसीआयपी हे स्टँडर्ड आलं. त्यात १२०२ नंबरचा भाग सिग्नल कंट्रोलरचा, १२०३ मेसेज बोर्डाचा, १२०१ मध्ये वेळ वगैरे सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी. आपल्याकडच्या टेंडरात हेच नाव सर्रास लिहिलेलं असतं, "एनटीसीआयपी कंप्लायंट असावे", आणि बिडर त्यासमोरच्या कॉलममध्ये "कंप्लाइड" लिहितो, शिक्का मारतो, पुढच्या ओळीवर जातो.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. त्या एका ओळीवर कुणीही काहीही तपासू शकत नाही. १२०२ मध्ये शेकडो गोष्टी आहेत, काही सक्तीच्या, बऱ्याच ऐच्छिक. कुठलं व्हर्जन हवं ते टेंडरमध्ये नसतं. म्हणून स्टँडर्डच्या नव्या व्हर्जन्समध्येच एक तक्ता दिलाय, त्याला प्रोटोकॉल रिक्वायरमेंट्स लिस्ट म्हणतात, विकत घेणाऱ्याने त्यात ओळीओळीने ठरवायचं की हे हवं, हे नको, हे इतक्या मर्यादेपर्यंत हवं. तो तक्ता भरून टेंडरला जोडलेला मी तरी आपल्याकडे पाहिलेला नाही. आणि अजून एक गोष्ट जी बऱ्याच अधिकाऱ्यांना कुणी सांगितलेलीच नसते, एनटीसीआयपीचं सर्टिफिकेट देणारी अधिकृत संस्थाच नाही. अमेरिकेतही नाही. तिथे राज्याचा रस्ते विभाग किंवा शहर स्वतः टेस्ट करतं, नाहीतर पैसे देऊन करून घेतं, आणि टेस्ट कशी लिहायची, कशी घ्यायची यासाठी त्याच स्टँडर्डच्या मालिकेत वेगळी मार्गदर्शक पुस्तकं आहेत. म्हणजे तपासायची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरच टाकलेली आहे. स्वयंघोषणापत्र घेऊन ती जबाबदारी संपत नाही साहेब.

आता टेस्ट न केल्याने रस्त्यावर काय होतं ते सांगतो. कुठल्या कंपनीचं, कुठल्या शहराचं ते सोडा.

पहिलं, घड्याळ. स्टँडर्डप्रमाणे कंट्रोलरला जागतिक वेळ द्यायची आणि स्थानिक वेळेचा फरक सेकंदांत द्यायचा. भारताचा फरक साडेपाच तासांचा, म्हणजे १९८०० सेकंद. एका चौकात नवीन आलेला कंट्रोलर हा आकडा घ्यायचा, "ठीक" असं उत्तर द्यायचा, आणि आतमध्ये फक्त पूर्ण तास धरायचा, ५. कागदावर सगळं कंप्लाइड. पण पेटीचं घड्याळ अर्धा तास मागे, त्यामुळे सकाळी सातला सुरू व्हायचा शाळेचा प्लॅन, ज्यात पायी चालणाऱ्यांना जास्त सेकंद आहेत, तो साडेसातला सुरू व्हायचा, पोरं तोपर्यंत वर्गात पोचलेली असायची. आम्ही घड्याळच अर्धा तास पुढे करून ठेवलं तर रोज रात्री सर्व्हर वेळ जुळवायचा आणि सकाळी परत तेच. कितीतरी दिवस कुणाला कळलं नाही कारण कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर सर्व्हरची वेळ दिसते, पेटीची नाही. ही चूक टेबलावर बसून पाच मिनिटांत सापडते, १९८०० द्या, स्थानिक वेळ परत विचारा, जुळली तर पास. आणि घड्याळ चुकलं की फक्त शाळेचा प्लॅन जात नाही, एका रस्त्यावरचे चौक एकमेकांना जुळवून हिरवे करायचे असतील तर सगळ्यांची घड्याळं सेकंदाला सेकंद एक लागतात. ती नसतील तर लोक प्रत्येक चौकात थांबतात आणि शिव्या ट्रॅफिक पोलिसाला बसतात.

दुसरं, संपर्क तुटला तर काय. स्टँडर्डमध्ये याची सोय आहे, सर्व्हरकडून ठराविक सेकंद काहीच आलं नाही तर कंट्रोलरने सर्व्हरचा हुकूम सोडून आपल्या पोटातल्या वेळापत्रकावर यायचं, ते सेकंद किती हे सेट करता येतं. विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीच्या रस्त्यासाठी वेगळा प्लॅन लावतात, एका बाजूला लांब हिरवा, आडव्या रस्त्याला नावापुरता. त्या रात्री गर्दीत मोबाईलचं नेटवर्क बसतं हे सगळ्यांना माहितीय, सिमवर चालणाऱ्या पेट्यांचा संपर्क गेला आणि त्यातल्या काही पेट्या तोच मिरवणुकीचा प्लॅन धरून बसल्या. परत येणं त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलंच नव्हतं, ते सेकंद सेट केले की पेटी आकडा साठवून ठेवायची आणि पुढे काहीच करायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वेळेला आडव्या रस्त्यावर ही रांग, आणि रात्रभर बंदोबस्त केलेला हवालदार पुन्हा सिग्नल मॅन्युअलवर घेऊन उभा. केबल काढून ठेवा आणि घड्याळ लावून बघा, एवढीच टेस्ट आहे ही.

तिसरं, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे आपलंच आहे, अमेरिकेतली टेस्ट जशीच्या तशी आणली तरी यात सापडणार नाही. मेसेज बोर्डावरची मराठी. बोर्डाला मेसेज पाठवला की बोर्ड त्याचा एक हिशोबी आकडा परत पाठवतो, सर्व्हर आपला आकडा त्याच्याशी ताडून बघतो, जुळला तर स्क्रीनवर हिरवी टिक येते. पण ती टिक फक्त एवढंच सांगते की पाठवलेली अक्षरं पोचली, ती बोर्डावर कशी उमटली ते सांगत नाही. आम्ही एकदा रस्त्याच्या कामाच्या वेळी "मार्ग बंद, पर्यायी रस्ता वापरा" हा मेसेज टाकला, कंट्रोल रूममध्ये टिक आली, आणि चौकात जाऊन बघतो तर "मार्‌ग बंद, पर्‌यायी रस्‌ता वापरा". रफार वर चढलाच नाही, पाय मोडका र बाजूला उभा, स सुटा, त सुटा. दुसऱ्या एका बोर्डावर किमी मधली वेलांटी क च्या मागे जाऊन पडायची. ताशी ८० किमीने येणारा माणूस सेकंदाला २२ मीटर पुढे जातो, त्याला बोर्ड वाचायला मोजके सेकंद मिळतात, त्यात तो तुटकी अक्षरं जुळवत बसणार का? मग उपाय म्हणून बोर्डावर मजकुराऐवजी तयार चित्रं पाठवायची पद्धत पडली, ऑफिसात कुणीतरी मराठी ओळीचं चित्र बनवायचं आणि ते ढकलायचं. पण चित्रं मोजकीच बनवलेली असतात, त्यामुळे ऐन अपघाताच्या वेळी हवा तो मेसेज नसतो आणि बोर्डावर "सीटबेल्ट लावा" तसंच राहतं. माझं म्हणणं असं की आपल्या टेस्टमध्ये मराठी वाक्यांची एक ठरलेली यादी असलीच पाहिजे, रफार, जोडाक्षरं, ऱ्ह आणि ऱ्य, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, देवनागरी आकडे, आणि बोर्डाचा फोटो काढून अहवालात लावला पाहिजे. हे अमेरिकन किंवा युरोपियन स्टँडर्ड आपल्यासाठी लिहून देणार नाही, ते आपणच लिहायचं आहे आणि एका दिवसात लिहून होईल असं काम आहे.

बोर्डाचंच अजून एक. दिवे गेलेत का ते बोर्डाने स्वतः तपासून सांगायचं अशी सोय स्टँडर्डमध्ये आहे. एका बोर्डाची उजवीकडची पट्टी पूर्ण काळी झालेली, उघड्या डोळ्यांनी दिसतंय, आणि बोर्ड सर्व्हरला सांगतोय बिघडलेले दिवे शून्य. प्रश्न आला की शून्य म्हणायचं असंच त्यात भरलेलं. टेस्ट करताना मुद्दाम एक मॉड्यूल काढून ठेवलं असतं तर हे तिथेच दिसलं असतं. कंट्रोल रूमच्या मोठ्या स्क्रीनवरच्या हिरव्या ठिपक्यांचीही तीच गत आहे, बऱ्याच ठिकाणी तो ठिपका फक्त मोडेम जिवंत आहे एवढंच सांगतो, आतला कंट्रोलर मेलेला असला तरी ठिपका हिरवाच. मग आढावा बैठकीत ९० की ९५ टक्के सिग्नल ऑनलाइन असा आकडा वाचला जातो तो कसला आकडा आहे हे एकदा विचारून बघा.

चौथं, कुलूप. देखभालीचं कंत्राट संपलं, जुनी कंपनी गेली, नवी आली. नव्या कंपनीचं सॉफ्टवेअर जुन्या पेटीशी बोलू शकत नाही. कागदोपत्री दोन्ही एकाच स्टँडर्डच्या. पेटी उघडून विचारायला गेलं तर स्टँडर्डमधले पत्ते, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दिलेले ठरलेले नंबर, जे १.३.६.१.४.१.१२०६ ने सुरू होतात, त्यातल्या थोड्याच प्रश्नांना उत्तर येतं, बाकी सगळं काम कंपनीच्या खाजगी पत्त्यांवर चालतं आणि त्याची यादी, जिला आम्ही मिब फाइल म्हणतो, ती महापालिकेकडे नसते. जुनी कंपनी देत नाही आणि पासवर्डही सांगत नाही. मग प्रस्ताव येतो की सगळे कंट्रोलर बदला. चांगल्या चालणाऱ्या पेट्या भंगारात जातात आणि नागरिकांचे पैसे त्याच चौकात दुसऱ्यांदा जातात. हे थांबवण्यासाठीच तर स्टँडर्ड होतं.

पाचवं, सुरक्षितता. इथे मला लोकांना घाबरवायचं नाही म्हणून आधी हे सांगतो की पेटीत कॉन्फ्लिक्ट मॉनिटर नावाचं वेगळं हार्डवेअर असेल आणि ते नीट लावलेलं असेल तर नेटवर्कवरून कुणी काहीही पाठवलं तरी एकमेकांच्या आड येणारे दोन हिरवे एकदम लागत नाहीत, सिग्नल ब्लिंकिंगवर जातो. पण ब्लिंकिंगवर गेलेले दहा चौक म्हणजे शहर बंदच. २०१४ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्ते विभागाची परवानगी घेऊन जवळपास १०० सिग्नलच्या एका खऱ्या नेटवर्कचा अभ्यास केला, तिथे रेडिओवरचं बोलणं एन्क्रिप्ट केलेलं नव्हतं, युजरनेम-पासवर्ड कंपनीने दिलेले तसेच होते, आणि आत शिरून दिवे बदलता येत होते. आपल्याकडे मी ज्या पेट्या उघडल्यात त्यातल्या कितीतरींचा पासवर्ड मॅन्युअलच्या पानावर छापलेला तोच आहे. चुकीचा पासवर्ड दिला तर पेटी नाही म्हणते का, मर्यादेबाहेरचा आकडा पाठवला तर तो नाकारते की हँग होते, हे दोन्ही टेस्टमध्ये येतं. हँग होणारी पेटी मी पाहिलेली आहे, पायी चालणाऱ्यांच्या सेकंदांत मर्यादेबाहेरचा आकडा गेला आणि कंट्रोलर रीस्टार्ट होईपर्यंत चौक अंधारात.

आता तुमची बाजू. मला माहितीय की विद्युत विभागात माणसं कमी आहेत, एकाच ज्युनियर इंजिनियरकडे पथदिवे, स्मशानभूमीची विद्युतदाहिनी, गणपतीचे मंडप आणि सिग्नल सगळंच असतं. वरून तारीख दिलेली असते. त्याला दोष द्यायला हे पत्र नाही. पण जी कारणं शुद्धिपत्रकाच्या वेळी दिली गेली ती टिकत नाहीत.

उशीर होतो म्हणतात. टेस्टला लागतं काय, एक कंट्रोलर, दिव्यांच्या जागी लावायचा लोड बोर्ड, एक स्विच, एक लॅपटॉप आणि लिहून ठेवलेल्या टेस्टची यादी. हे काम ऑर्डर दिल्यावर फाउंडेशन आणि केबलचं खोदकाम चालू असतानाच होऊ शकतं, तेव्हा पेट्या गोडाउनमध्येच पडून असतात. खोदाईच्या परवानगीलाच जेवढा वेळ जातो त्याच्या आत टेस्ट संपेल.

भारतीय स्टँडर्ड नाही म्हणून टेस्ट कशावर घ्यायची, असंही म्हणतात. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, इंटेलिजंट ट्रान्सपोर्टसाठी (संगणकाच्या मदतीने चालणाऱ्या वाहतूक यंत्रणांसाठी) वेगळी समिती आहे, इंडियन रोड्स काँग्रेसने शहरी रस्त्यांवरच्या अशाच यंत्रणांसाठी २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, पण तेही बाजूला ठेवू. तुमच्याच टेंडरमध्ये तुम्हीच एका स्टँडर्डचं नाव लिहिलंय ना, मग जे लिहिलंय त्याची टेस्ट घ्या. स्वीडनने रस्त्यावरच्या उपकरणांसाठी आरएसएमपी नावाचं उघडं प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची सगळ्यांना वाचता येणारी ठरलेली पद्धत, ठेवलंय आणि उपकरण त्याप्रमाणे चालतं का ते तपासणारं सॉफ्टवेअरही सगळ्यांसाठी फुकट ठेवलंय, कंपनी आपल्या ऑफिसात बसून चालवते, शहरही चालवतं, दोघांना एकच निकाल दिसतो. भांडण कमी होतं त्याने.

आणि आपल्याच देशात हे होत नाही असं कुणी म्हणू नका. एसटीत आणि टॅक्सीत बसणारं लोकेशन ट्रॅकर एआयएस-१४० या गाड्यांसाठीच्या स्टँडर्डप्रमाणे चालतं का हे आपल्या पुण्यातच एआरएआय आणि सीआयआरटी या संस्थांमध्ये तपासलं जातं, तपासल्याशिवाय ते बसवता येत नाही. घरात बसणारा स्मार्ट मीटर, त्याच्या बिलावरून जे वाद आहेत ते वेगळे, पण तो सर्व्हरशी कुठल्या पद्धतीने बोलणार यासाठी आयएस १५९५९ हे भारतीय स्टँडर्ड आहे आणि बंगळुरूच्या सीपीआरआय या केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेत प्रोटोकॉलची टेस्ट होते. फास्टॅग तर सगळ्यांच्या गाडीला आहे, २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा, टॅग कुठल्याही बँकेचा असो, टोलनाक्यावरचा रीडर कुठल्याही कंपनीचा असो, कोल्हापूरचा टॅग नागपूरला चालतो कारण दोन्ही बाजूंना ठरलेल्या पद्धतीनेच बोलावं लागतं आणि ते आधी तपासलं जातं. गाडीच्या काचेवरच्या स्टिकरसाठी जे केलं ते चौकातल्या पेटीसाठी का नाही, याचं उत्तर मला अजून कुठल्या अधिकाऱ्याकडून मिळालेलं नाही.

एक आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेतो. टेस्टिंग सक्तीचं केलं तर आपले छोटे उत्पादक बाहेर फेकले जातील आणि परदेशी कंपन्यांनाच काम मिळेल, असं म्हणणारे लोक प्रामाणिक आहेत. आपल्याकडे लहान वर्कशॉपमध्ये चांगले कंट्रोलर बनवणारी माणसं आहेत, उन्हात, धुळीत, व्होल्टेज वरखाली होत असताना त्यांच्या पेट्या टिकतात, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने तर वाहतुकीनुसार वेळ बदलणारी कोसिकॉस्ट ही यंत्रणा इथेच बनवली. पण छोट्या उत्पादकाला मारते ती गुप्त टेस्ट आणि महाग टेस्ट. टेस्टची यादी आधीच जाहीर केली, सॉफ्टवेअर फुकट दिलं, नापास झाला तर दुरुस्त करून परत यायची संधी दिली, तर त्याला उलट मोठ्यांच्या बरोबरीने उभं राहता येतं. आज तो ज्याच्यासमोर हरतो तो चांगल्या पेटीने जिंकलेला असतोच असं नाही, बऱ्याचदा जुनं सॉफ्टवेअर ज्याच्या हातात आहे तोच जिंकतो.

तर मागण्या अशा आहेत.

१. त्रयस्थ चाचणीची अट काढणारं शुद्धिपत्रक मागे घ्या. ज्या शहरांत अजून टेंडर निघायचंय तिथे ही अट पहिल्यापासून ठेवा आणि बिलाचा ठराविक हिस्सा टेस्ट पास होण्याशी जोडा. एमबीत, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमाप पुस्तकात, नोंद घेताना टेस्ट रिपोर्टचा नंबर आलाच पाहिजे.

२. "कंप्लायंट असावे" ही एक ओळ बंद करा. कुठलं स्टँडर्ड, कुठलं व्हर्जन, कुठल्या गोष्टी सक्तीच्या, मर्यादा किती, हा भरलेला तक्ता टेंडरला जोडा. सल्लागार फी घेतात, हे त्यांचं काम आहे.

३. टेस्टसाठी पेटी कंपनीने आणून द्यायची नाही. गोडाउनमध्ये आलेल्या मालातून महापालिकेच्या माणसाने हाताने निवडायची. आणि फर्मवेअर, म्हणजे पेटीच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं की टेस्ट परत. आम्ही रात्री नवीन फर्मवेअर टाकतो आणि सकाळी आधी चाललेली गोष्ट बंद पडलेली असते, हे नेहमीचं आहे.

४. टेस्टमध्ये निदान एवढं हवंच: साडेपाच तासांचं घड्याळ, संपर्क तुटणं आणि परत जुळणं, चुकीचा आकडा, चुकीचा पासवर्ड, खोटी "सगळं ठीक" उत्तरं पकडण्यासाठी मुद्दाम केलेला बिघाड, मराठी मेसेज, आणि दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून तीच पेटी चालवून बघणं.

५. मिब फाइल, सगळे पासवर्ड, सेटिंगचा बॅकअप महापालिकेच्या ताब्यात, पहिलं बिल देण्याआधी. कंपनी गेली तरी शहराचं काही अडता कामा नये.

६. टेस्टचा अहवाल महापालिकेच्या वेबसाइटवर टाका, नापास झालेलाही टाका. माहिती अधिकारात अर्ज करून मागायला लावू नका.

७. ही मागणी नगरविकास विभागाला आहे. प्रत्येक छोट्या महापालिकेने वेगळी लॅब काढावी अशी अपेक्षा नाही, ते जमणारही नाही. राज्यासाठी एक सामायिक टेस्ट बेंच उभा करा, सीओईपी, व्हीजेटीआय, व्हीएनआयटी अशा संस्थांकडे जागाही आहे आणि विद्यार्थीही, आणि त्याचे निकाल सगळ्या महापालिकांना वापरता येऊ द्यात, म्हणजे एकदा पास झालेलं तेच मॉडेल आणि तेच फर्मवेअर दुसऱ्या शहरात पुन्हा पहिल्यापासून तपासायला नको.

ज्या चौकांत माल लागून गेलाय तिथलं काय, हा प्रश्न उरतो. तिथे सगळं उखडा असं मी म्हणत नाही. देखभालीच्या पुढच्या भेटीत प्रत्येक पेटीवर फक्त घड्याळ, संपर्क तुटणं आणि पासवर्ड या तीन टेस्ट घ्या, पासवर्ड बदला, निकाल लिहून ठेवा. कुठल्या पेट्या दुरुस्त होतील आणि कुठल्या नाही ते त्या कागदावरूनच कळेल, आणि पुढचं बजेट अंदाजाने करावं लागणार नाही.

शुद्धिपत्रकावर हरकती घ्यायची मुदत अजून संपलेली नाही. मी माझी हरकत लेखी दिलेली आहे. चौकात काम करणाऱ्या इतर तंत्रज्ञांना, ट्रॅफिक वॉर्डनना, शाळांच्या पालक संघांना माझी विनंती आहे की तुमच्या शहराचं टेंडर उघडून त्यात "चाचणी" हा शब्द शोधा, अट नसेल तर तुम्हीही लेखी द्या, दोन ओळी पुरतात, पोच घ्या. आणि विद्युत विभागातल्या साहेबांना, मॅडमना सांगतो, टेस्टची यादी लिहायला माणूस हवा असेल तर मी विनामोबदला बसायला तयार आहे, माझ्यासारखे अजून काही जण आहेत. लॅपटॉप आमचा, पेटी तुमची. चौकात लागू नये अशी पेटी कशी ओळखायची ते तुमच्याच ऑफिसच्या टेबलावर करून दाखवतो, बिडरनाही त्या वेळी समोर बोलवा.

आपला,
सिग्नल देखभालीत काम करणारा एक इंजिनियर आणि एका शाळकरी मुलीचा बाप